गळती कुठेय? घरखर्च प्रकल्पाच्या नोंदी

१ मार्च
पगार २५ टक्क्यांनी कमी झाला. तोपर्यंत जेवणाखाणावर पगाराचा ३० टक्के जात होता, आता तेवढंच खाऊन तो आकडा ४० वर गेलाय, एक घास जास्त न खाता. बायको कॉलेजात अर्थशास्त्र शिकवते, ती म्हणाली याला एंगेलचा नियम म्हणतात, एर्न्स्ट एंगेल नावाच्या जर्मन संख्याशास्त्रज्ञानं १८५७ मधे मांडला, घराचं उत्पन्न जितकं कमी तितका त्यातला अन्नाचा वाटा मोठा. (मार्क्सचा दोस्त तो एंगल्स वेगळा, मी तोच समजत होतो.) नियम कळला म्हणून पोट भरत नाही, पण निदान कापायला सुरुवात कुठून करायची ते कळलं.

प्रकल्प म्हणून करायचं ठरवलं. फेब्रुवारीत किराणा, भाजी, दूध, अंडी सगळं मिळून जे झालं ते १०० गुण धरले. पुढचं सगळं या गुणातच लिहीन, पैशाचे आकडे रोज बघितले की मला धडधडतं. टार्गेट ७५.

घरात पाच माणसं, मी, बायको, आई, मोठी मुलगी, धाकटा. बायकोनं स्प्रेडशीट बघितली आणि एकच अट घातली, "गुणांच्या शेजारी मिनिटांचा कॉलम कर. आणि मिनिटं कोणाची तेही लिही." मी हो म्हटलं, तेव्हा यात एवढं काय असं वाटलं होतं.

३ मार्च
कपाट रिकामं केलं. मिरपुडीच्या तीन बाटल्या, तिन्ही अर्ध्या. कडधान्यं आणि डाळी मिळून ११ प्रकारच्या पुड्या, त्यातल्या चार रबरबँड लावून मागं ढकललेल्या. साखरेचे दोन डबे कारण एक दिसत नव्हता म्हणून दुसरा आणला. अंदाजे १८ गुणांचा माल घरातच पडून होता आणि आम्ही दर आठवड्याला नवीन आणत होतो. आंधळं दळतंय आणि कुत्रं पीठ खातंय, फक्त इथं आंधळंही मीच आणि कुत्रंही मीच.

पहिले दोन आठवडे कपाट खायचं, बाहेरून फक्त ताजं आणायचं.
मिनिटं: ९५ (माझी).

५ मार्च
कचरा मोजायची सोय केली. ओट्याखाली दोन डबे, अ म्हणजे साली, देठ, टरफलं, जे खाताच येत नाही, आणि ब म्हणजे जे खाता आलं असतं. रात्री काट्यावर वजन. आई म्हणाली, "अरे, कचऱ्याचं वजन करणारा माणूस मी आयुष्यात पहिल्यांदा बघतेय." धाकट्याला मात्र जाम आवडलंय, काटा तोच चालू करतो.

१२ मार्च
पहिल्या आठवड्याचं वजन. एकूण ६.१ किलो, त्यात ब डबा २.३ किलो.

संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाचा २०२४ चा अन्न-नासाडी अहवाल आहे, त्यात २०२२ सालचा हिशोब दिलाय, जगभर १.०५ अब्ज टन अन्न वाया गेलं आणि त्यातलं ६० टक्के घराघरांतून. दर माणशी वर्षाला ७९ किलो, साली-टरफलं धरून. पाच माणसांचे ३९५ किलो, आठवड्याला साडेसात किलोच्या वर. म्हणजे आम्ही सरासरीच्या खाली आहोत असं मी फुशारकीनं सांगितलं तर मुलगी म्हणाली, "बाबा, वर्ग नापास झालाय आणि तू सांगतोयस माझे मार्क सरासरीपेक्षा बरे आहेत."

ब डब्यात काय होतं ते जास्त महत्त्वाचं. शिजवलेला भात ६४० ग्रॅम. मुलांनी ताटात टाकलेलं ४८० ग्रॅम. पिवळी पडलेली पालेभाजी ४२०. ब्रेडचे शेवटचे स्लाइस ३१०. बाकी दही, अर्धं सफरचंद, असं फुटकळ. मी मनात धरून चाललो होतो की गळती महागड्या वस्तूंमधे असणार, चीज, बिस्किटं वगैरे, पण त्या तर शेवटच्या कणापर्यंत संपतात, महाग असतात म्हणूनच संपतात. स्वस्त वस्तू वाया जातात कारण स्वस्त आहेत म्हणून त्यांच्याकडं कोणी बघत नाही.

१३ मार्च
भाताच्या मागं लागलो. आई तांदूळ मुठीनं घेते, कधी मोजत नाही. आज उभा राहून बघितलं, पाच मुठी घेतल्या, जरा थांबली, मग अजून एक घेतली. "ही सहावी कोणाची?" विचारलं तर म्हणाली, "कोणी आलं तर." घरात गेल्या तीन महिन्यांत अचानक जेवायला कोणी आलेलं नाही हे मी बोललो नाही, बोललो असतो तर जेवणच झालं नसतं.

मुठी वाटीत ओतून मोजल्या. एक मूठ ४१ ग्रॅम. शिजून साधारण पावणेतीन पट होतो म्हणजे ११० ग्रॅमच्या पुढं भात, आणि रोज उरणारा भात जवळपास तेवढाच, सहावी मूठ. आईला सांगितलं की सहावी मूठ वेगळ्या डब्यात टाक, कोणी आलं तर त्यातून शिजवू. तिला पटलं. डबा भरतोय.

१४ मार्च
उरलेल्या भाताबद्दलच अजून एक, हे आधी माहीत असायला हवं होतं. काल रात्रीचा भात ओट्यावरच राहिला, सकाळी गरम करून खाऊ म्हटलं तर बायकोनं फेकायला लावला. बॅसिलस सेरिअस नावाच्या जिवाणूचे बीजाणू शिजवूनही मरत नाहीत, भात तासन् तास कोमट राहिला की ते वाढून विष तयार करतात आणि ते विष परत गरम केल्यानं जात नाही. म्हणजे "नीट उकळून घेऊ" हा उपाय इथं चालतच नाही. उरलेला भात पसरट थाळीत पसरून लवकर गार करायचा, तासाभरात फ्रीजमधे, दुसऱ्या दिवशी संपवायचा, संपवताना वाफ येईपर्यंत तापवायचा आणि एकदाच. वाचवायच्या नादात घर आजारी पडलं तर पाच जणांच्या औषधपाण्यात सहा महिन्यांचे गुण जातील.

१७ मार्च
कडधान्यांचा मोठा दिवस. शिजवलेले राजमा-हरभरे डब्यात मिळतात ते आम्ही घाईच्या दिवसांसाठी आणायचो. सुकं कडधान्य भिजवून शिजवलं की वजन साधारण अडीच पट होतं, हे धरून हिशोब मांडला तर डब्यातलं आमच्याकडं जवळपास तिप्पट महाग पडत होतं, आणि डब्यातलं बरंच वजन पाण्याचं असतं ते वेगळंच.

मग प्रश्न ऊर्जेचा. इंडक्शन शेगडीच्या प्लगला मीटर लावला (मित्राकडून उसना आणलाय) आणि ४०० ग्रॅम राजमा दोन वेळा शिजवला.

पहिल्यांदा न भिजवता, साध्या पातेल्यात, झाकण ठेवून. १ तास ५० मिनिटं, ०.६७ युनिट. आणि तरी काही दाणे मधे टचटचीत राहिले.
दुसऱ्यांदा रात्रभर मिठाच्या पाण्यात भिजवून, पाणी बदलून, प्रेशर कुकरमधे. वाफ धरल्यावर मंद आचेवर १५ मिनिटं, मग बंद करून वाफ आपोआप जाईपर्यंत हात लावला नाही. ०.१९ युनिट. दाणा बोटात धरला तर लोण्यासारखा दबला आणि साल फाटली नव्हती.

मिठानं कडधान्य शिजत नाही असं आमच्याकडं ठाम मत आहे. भिजवण्याच्या पाण्यात उलट आहे, मिठातलं सोडियम सालीतल्या कॅल्शियम-मॅग्नेशियमची जागा घेतं आणि साल मऊ पडते. अडथळा करतं ते आंबट, म्हणून टोमॅटो किंवा लिंबू शिजल्यावरच. जड पाण्यानंही वेळ लागतो. सोड्यानं पटकन शिजतं पण ब१ जीवनसत्त्व मरतं, म्हणून मी नाही टाकत. आणि जुनं कडधान्य कितीही भिजवा, हट्टीच राहतं, पहिल्यांदाचे ते टचटचीत दाणे मागं ढकललेल्या पुडीतले होते हे आत्ता लक्षात आलं.

कुकरमधे दाब वाढला की पाणी १०० ऐवजी १२० अंशाच्या आसपास उकळतं, सगळी कमाई त्या वीस अंशांची. देनी पापँ नावाच्या फ्रेंच माणसानं १६७९ मधे पहिल्यांदा असं भांडं केलं, हाडं मऊ करायला. साडेतीनशे वर्षं झाली तरी आम्ही वाफ धरल्यावर आच मोठीच ठेवतो, जणू जास्त शिट्ट्या म्हणजे जास्त शिजणं. शिट्टी म्हणजे पैशाची वाफ बाहेर चाललीय याची सूचना.

मिनिटं: ४० माझी, ३५ बायकोची (भांडी).

१८ मार्च
राजम्याबद्दल एक लिहून ठेवतो, मुलगी हॉस्टेलला गेली तर उपयोगी पडेल. कच्च्या राजम्यात फायटोहिमॅग्लुटिनिन नावाचं विष असतं, चार-पाच कच्चे दाणेही उलट्या व्हायला पुरतात. भिजवलेलं पाणी ओतून द्यायचं आणि नव्या पाण्यात निदान १० मिनिटं खळखळून उकळायचंच, ३० मिनिटं उकळलं तर आणखी निर्धास्त. मंद आचेच्या स्लो कुकरमधे थेट टाकू नये, ८० अंशाला अर्धवट तापलेला राजमा कच्च्यापेक्षाही वाईट ठरू शकतो.

२० मार्च
झाकण. हे एवढं साधं की लिहायला लाज वाटते.

एक लिटर पाणी २५ अंशावरून १०० वर न्यायला ३१४ किलोज्यूल लागतात. तेच लिटर उकळून उडवायला २२५७. सात पटीहून जास्त! म्हणजे पाणी तापवणं स्वस्त, उडवणं महाग, आणि उघड्या पातेल्यात खळखळून उकळत ठेवलं की आपण दुसरं काम पैसे देऊन करून घेतोय, जे आपल्याला नकोच आहे. शिवाय खळखळ उकळणारं आणि जेमतेम बुडबुडे येणारं पाणी, दोघांचं तापमान तेच. बटाटे दोन्हीत सारख्याच वेळात शिजतात.

मीटर लावून बघितलं, २ लिटरचं सूप अर्धा तास, उघडं आणि जोरात ०.३१ युनिट, झाकून आणि मंद ०.०८. उकळी येईपर्यंतची ऊर्जा सोडून.

मिनिटं: शून्य. ही नोंद मला फार आवडली.

२३ मार्च
गोधडी प्रयोग. युद्धाच्या काळात युरोपात इंधन वाचवायला उकळतं भांडं गवताच्या पेटीत ठेवायचे, ते उरलेल्या उष्णतेवर शिजत राहायचं. मी गोधडी घेतली. चार लिटरचं पातेलं काठोकाठ डाळीनं भरून उकळी आणली, दहा मिनिटं उकळू दिलं, गुंडाळून ठेवलं, तीन तासांनी ७७ अंश, डाळ शिजलेली. जाम खूश.

दुसऱ्या दिवशी त्याच पातेल्यात फक्त सव्वा लिटर. तीन तासांनी ५४ अंश आणि डाळ कच्ची. कमी माल म्हणजे साठलेली उष्णता कमी, आणि ६० च्या खाली रेंगाळलेलं अन्न म्हणजे जिवाणूंना आवतण. फेकलं नाही, लगेच कुकरला लावलं, पण गोधडीला डाळीचा वास लागला आणि ती धुवायला गेली. कोणी धुतली ते मिनिटांच्या कॉलममधे आहे.

२५ मार्च
होलसेलमधून १० किलो पीठ आणलं, किलोमागं १५ टक्के स्वस्त. खुशीत होतो.

२७ मार्च
पिठाला डबा पुरेना म्हणून नवीन डबा आणला, तो पिठाच्या बचतीपेक्षा महाग. चार आण्याची कोंबडी बारा आण्याचा मसाला. शिवाय आम्हाला १० किलो पीठ संपायला दोन महिने लागतात आणि उन्हाळा तोंडावर आलाय, कीड लागली तर सगळंच जाईल. अर्धं पीठ चार दिवस फ्रीझरमधे ठेवलं, थंडीनं अंडी मरतात, आणि तेवढ्यात फ्रीझर भरला म्हणून ब्रेड बाहेर, ब्रेडला बुरशी. एका स्वस्त पोत्यानं तीन ठिकाणी खड्डा पाडला.

ठरलं, मोठं पाकीट फक्त अशाच वस्तूचं जी महिन्याभरात नक्की संपते. आणि पाकिटावरची किंमत नाही, किलोमागची बघायची. आजच दुकानात एका वस्तूचं "फॅमिली पॅक" किलोमागं छोट्या पाकिटापेक्षा महाग होतं, फोनवर भागाकार केला म्हणून कळलं.

३१ मार्च
महिनाअखेर. १०० चे ८९ झाले. त्यातले निदान सहा-सात गुण कपाट खाल्ल्याचे, ते पुढच्या महिन्यात मिळणार नाहीत. थोडक्यात खरी बचत चारेक गुण.

मग बायकोनं मिनिटांचा कॉलम फिल्टर केला आणि लॅपटॉप माझ्याकडं वळवला. महिन्यात जादा लागलेली मिनिटं १०४०. त्यातली ६९० तिची, १६५ आईची, १८५ माझी. भाजी निवडणं, डबे धुणं, गोधडी, माझ्या प्रयोगांची पातेली, घरी केलेली बिस्किटं (ती तिनं केली, कल्पना माझी). ती चिडली नव्हती, तेच जास्त लागलं. एवढंच म्हणाली, "तू पैसे वाचवले नाहीस, माझा रविवार खर्च केलास. तो फुकट होता म्हणून तुझ्या गुणात दिसला नाही."

यावर काय बोलणार. साडेअकरा तास म्हणजे तिचं कॉलेजातलं जवळजवळ आठवड्याचं शिकवणं.

१ एप्रिल
रात्री बसून यादी चाळली, प्रत्येक उपायापुढं मिनिटं आणि गुण. एकदा करून विसरायचे उपाय आणि रोज राबायचे उपाय, दोन वेगळे ढीग झाले. रोज राबायच्यातले बहुतेक तिसऱ्या आठवड्यात आपोआप बंद पडलेत, म्हणजे गुणही मिळणं बंद.

बंद: घरची बिस्किटं, चार दुकानं फिरून भाव बघणं, सालींचं सूप (चव बरी, पण गाळणं-धुणं २५ मिनिटं), गोधडी.
चालू: झाकण, मुठीचा डबा, कुकर, कचऱ्याचं वजन पण आठवड्यातून एकदाच.
आणि नवीन नियम, जो उपाय मी सुचवेन तो पहिले दोन आठवडे मीच करणार.

४ एप्रिल
आठवड्याची पाककृतींची यादी करणं मला कधी जमलं नाही, बुधवारी ठरवलेलं बुधवारी कोणालाच नको असतं. त्याऐवजी साचा केला. एक धान्य, एक कडधान्य किंवा अंडं, एक भाजी, वर काहीतरी आंबट किंवा कुरकुरीत. नावं नाहीत, फक्त खाने. त्या दिवशी खान्यात काय बसवायचं ते फ्रीज सांगेल.

धान्य-कडधान्य जोडी नुसती स्वस्त म्हणून नाही. धान्याच्या प्रथिनात लायसिन कमी, कडधान्याच्या प्रथिनात मेथिओनिन कमी (दोन्ही अमिनो आम्लं, प्रथिनांचे घटक), दोघं मिळून भागतं, आणि एकाच घासात पाहिजेत असंही नाही, दिवसभरात आली तरी चालतात. सुक्या कडधान्यात २० ते २५ टक्के प्रथिनं. एका अंड्यात साधारण ६ ग्रॅम. धाकट्याची वाढ आणि आईचे स्नायू, दोन्हीकडं बघावं लागतं, पोट भरलं म्हणजे झालं असं नाही.

रविवारी मी दोन कडधान्यं शिजवतो, वाट्या-वाट्यांनी फ्रीझरमधे. ५० मिनिटं, त्यातली ३५ कुकर एकटाच काम करतो आणि मी पेपर वाचतो.

७ एप्रिल
फ्रीजमधे डोळ्यासमोरच्या कप्प्यात एक ट्रे ठेवलाय. मुलीनं त्यावर चिकटपट्टी लावून लिहिलं, "आधी हे." मऊ पडलेला टोमॅटो, अर्धा कांदा, कालची डाळ, तळाला राहिलेलं दही, सगळं तिथं. स्वयंपाक ट्रेपासून सुरू. ट्रे रिकामा असेल तरच खालचा कप्पा उघडायचा.

मिनिटं: शून्य, उलट काय करू हा विचार वाचला.

८ एप्रिल
फ्रीझरमधे एक राखाडी ठोकळा सापडला. कोणाला माहीत नाही काय आहे. मुलगी म्हणाली सूप, आई म्हणाली चटणी. वितळवल्यावर केळ्याचा गर निघाला. आता प्रत्येक डब्यावर नाव आणि तारीख.

११ एप्रिल
"बेस्ट बिफोर" आणि "यूज बाय" एकच नाहीत हे चाळीस वर्षांत आत्ता समजलं. पहिली तारीख चवीची, त्यानंतर बिस्किट थोडं मऊ पडेल, पास्ता वर्षभरही चालेल, बघून-हुंगून ठरवायचं. दुसरी तारीख सुरक्षिततेची, मांस-मासे असल्या मालावर, तिथं नाकावर विसंबायचं नाही. आम्ही बरोबर उलट करत होतो, तारीख उलटलेली कोरडी बिस्किटं फेकत होतो आणि दुसरीकडं "वास तर येत नाहीये" म्हणत होतो.

ब्रेड आणल्या दिवशीच अर्धा फ्रीझरला, स्लाइस गोठलेलाच टोस्टरमधे जातो. फ्रीजमधे नाही ठेवायचा, तिथं तो उलट लवकर शिळा होतो. सफरचंद-केळी पालेभाजीपासून लांब, त्यांच्यातून इथिलीन वायू निघतो आणि पानं पिवळी पडतात, ते ४२० ग्रॅम बहुतेक त्यातलेच. बटाटे अंधारात, फ्रीजबाहेर.

१५ एप्रिल
स्वयंपाकघरातला नळ ठिबकत होता, गेले वर्षभर. खाली मापाचा कप ठेवला, १० मिनिटांत ९० मिली. दिवसाला जवळपास १३ लिटर, वर्षाला पावणेपाच हजार लिटरच्या घरात. वॉशर काढून बघितला, रबर एका बाजूनं चंद्रकोरीसारखं झिजलेलं. नवीन बसवला, २० मिनिटं, त्यातली ८ मुख्य व्हॉल्व्ह शोधण्यात.

थेंबे थेंबे वगैरे कोणी म्हणायच्या आत मी खोलीबाहेर पडलो.

१८ एप्रिल
मीटर परत द्यायच्या आधी बाकीचे प्लग तपासले. टीव्हीचा बॉक्स बंद असताना ११ वॅट खातो. वर्षभर एक वॅट चालू म्हणजे ८.७६ युनिट, तर हा बसल्या जागी ९६ युनिट. स्विचबोर्ड लावला, रात्री एक बटण. फोनचा चार्जर मात्र मीटरवर दिसलाच नाही, त्याच्यामागं मी उगाच पंधरा दिवस सगळ्यांना ओरडत होतो. मुलीनं माफी मागायला लावली, मागितली.

२२ एप्रिल
आईनं सहाव्या मुठीचा डबा उघडून दाखवला. दीड किलोच्या वर तांदूळ. तिला म्हटलं, बघ किती वाचले. ती म्हणाली, "वाचले नाहीत, ठेवलेत." आणि रविवारी तिच्या दोन मैत्रिणींना जेवायला बोलावलं त्यातनं. मेनू साच्यातलाच, मी शिजवला, राजमा जरा तिखट झाला होता पण कुणी उरवला नाही. हा खर्च गुणांत धरायचा की नाही यावर बायकोशी चर्चा झाली, धरायचा नाही असं ठरलं.

३० एप्रिल
१०० चे ७९. टार्गेट ७५ हुकलं. यातला कपाटाचा वाटा जवळजवळ शून्य, म्हणून हे आकडे मला मार्चपेक्षा खरे वाटतात. शेवटच्या आठवड्यात ब डबा ६५० ग्रॅम, त्यात साडेतीनशे ग्रॅम धाकट्याच्या ताटातलं. त्याला आधी कमी वाढायचं, मग हवं तर परत घे, असं चार दिवसांपासून चालू केलंय, अजून आकड्यात दिसत नाही.

वीजबिलात फरक आहे पण जेवणाच्या मानानं किरकोळ, सगळे युनिट मिळून दोन-अडीच गुणांएवढे. ज्या प्रयोगांवर मी सगळ्यात जास्त नोंदी लिहिल्या त्यांनीच सगळ्यात कमी दिलं आणि ट्रेवर तीन ओळी लिहिल्या त्यानं सगळ्यात जास्त, असं बायकोनं दाखवून दिलं.

मिनिटं: महिन्याची ४१० जादा. माझी २९५, बायकोची ७०, आईची ४५.

उरलेले चार गुण कुठून काढायचे यावर बोलणं झालं. आई म्हणाली दूध कमी करा, माझा चहा एकदाच पुरे. बायकोनं तिथल्या तिथं नाही म्हटलं आणि मीही. ७९ वरच थांबलो तरी भागतंय, दोन महिने उधारी झालेली नाही.

फ्रीजच्या दारात कागद अडकवून ओढून बघितला, वरच्या कोपऱ्यात सुळकन निघाला, म्हणजे तिथलं रबर सैल पडलंय. आधी गरम पाण्यानं पुसून बघतो, नाही धरलं तर बदलायचं. माप घेऊन ठेवलंय.